इंग्लंडमध्ये टॅक्सीच्या गाडीचा परवाना: आधी कौन्सिलचे धोरण, मग गाडी

महाराष्ट्रात टॅक्सीचे परमिट, फिटनेस आणि चालकाचा बॅज ही सारी कामे आरटीओकडे होतात; महानगरपालिकेचा त्यांच्याशी संबंध येत नाही. इंग्लंडमध्ये लंडनबाहेर नेमके उलट आहे. गाडीची नोंदणी आणि साधे ड्रायव्हिंग लायसन्स ही केंद्रीय यंत्रणेची कामे असली, तरी ती गाडी भाड्याने प्रवासी नेण्यास योग्य आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक कौन्सिलचा आहे. त्यातही तो जिल्हा, शहर किंवा एकत्रित कौन्सिलचा असतो, कौंटी कौन्सिलचा नव्हे. अशी अडीचशेहून अधिक कौन्सिले आहेत आणि प्रत्येकीचे धोरण वेगळे आहे. म्हणून शेजारच्या गावातील मित्राने सांगितलेला नियम आपल्या गावात लागू होईलच, असे धरून चालू नये. (पिवळ्या नंबरप्लेटवरून टॅक्सी ओळखण्याची आपली सवयही तिथे उपयोगी पडत नाही, कारण इंग्लंडमध्ये प्रत्येक गाडीची मागची नंबरप्लेट पिवळीच असते. टॅक्सीची ओळख पटते ती कौन्सिलने दिलेल्या वेगळ्या परवाना-प्लेटवरून.)

पुढील माहिती लंडन वगळता इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. लंडनमध्ये परवाने ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ही संस्था १८६९ आणि १९९८ च्या स्वतंत्र कायद्यांखाली देते, स्कॉटलंडमध्ये १९८२ चा कायदा लागू आहे आणि प्लायमथ शहराने तर १९७५ पासून स्वतःचा कायदा ठेवला आहे. उरलेल्या भागात दोन कायदे महत्त्वाचे आहेत: घोडागाड्यांच्या काळातला १८४७ चा टाउन पोलीस क्लॉजेस अ‍ॅक्ट आणि १९७६ चा लोकल गव्हर्नमेंट (मिसलेनियस प्रोव्हिजन्स) अ‍ॅक्ट. यांपैकी दुसरा अर्जदाराने निदान एकदा तरी नजरेखालून घालावा, कारण कौन्सिलच्या बहुतेक पत्रांत त्यातील कलमांचेच आकडे येतात.

कोणत्या प्रकारची गाडी?

बोलताना सगळ्यांनाच टॅक्सी म्हटले जात असले, तरी कायद्यात दोन वेगळे प्रकार आहेत. हॅकनी कॅरेज रस्त्यात हात दाखवून थांबवता येते, ती टॅक्सी रँकवर उभी राहू शकते आणि तिच्या मीटरचे दर बहुतेक ठिकाणी कौन्सिल ठरवते. प्रायव्हेट हायर गाडी मात्र परवानाधारक ऑपरेटरकडे (फेऱ्यांची मागणी नोंदवून घेणाऱ्या व्यावसायिकाकडे) आधी नोंदवलेल्या फेऱ्याच करू शकते. स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या प्रवाशाला तिने नोंदणीशिवाय गाडीत घेतले, तर तो गुन्हा ठरतोच. शिवाय त्या फेरीपुरता विमाही बहुधा लागू राहत नाही, आणि हा दुसरा परिणाम पहिल्यापेक्षा महाग पडू शकतो. दोन्ही प्रकारांत प्रवाशांची कमाल संख्या ८ आहे. त्याहून मोठी गाडी या परवान्याच्या कक्षेत येत नाही.

हॅकनी कॅरेजच्या प्लेटची संख्या कौन्सिल मर्यादित ठेवू शकते, मात्र १९८५ च्या ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्टनुसार शहरात टॅक्सींची लक्षणीय न भागलेली मागणी शिल्लक नाही, अशी तिची खात्री झालेली असावी लागते. अशी मर्यादा असलेल्या शहरात नवी प्लेट मिळणे जवळजवळ अशक्य असते आणि जुन्या प्लेटसह गाडी विकत घेताना कधीकधी गाडीच्या किमतीपेक्षा प्लेटचेच जास्त पैसे मोजावे लागतात. प्रायव्हेट हायर गाड्यांच्या संख्येवर अशी मर्यादा घालण्याचा अधिकार कौन्सिलला नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्रायव्हेट हायरचाच विचार करावा, असे माझे मत आहे.

या प्रकारात मात्र तीन परवान्यांची साखळी सांभाळावी लागते. गाडी, चालक आणि ऑपरेटर या तिघांचे परवाने एकाच कौन्सिलचे असले पाहिजेत. बर्मिंगहॅमचा बॅज असलेल्या चालकाने वुल्व्हरहॅम्प्टनची प्लेट असलेली प्रायव्हेट हायर गाडी कामासाठी चालवणे बेकायदा आहे. ही साखळी एका कौन्सिलची असली, की फेरी मात्र कुठलीही करता येते. म्हणूनच वुल्व्हरहॅम्प्टनच्या प्लेट असलेल्या गाड्या देशभरातल्या शहरांत दिसतात. शुल्क कमी आणि काम लवकर, या कारणांसाठी दूरच्या कौन्सिलकडे जाणारे पुष्कळ आहेत आणि त्यात बेकायदा काही नाही. तरीही तपासणीसाठी, अपघातानंतर आणि एखादी तक्रार आल्यावर त्याच दूरच्या कार्यालयाशी व्यवहार करावा लागतो, हे अर्ज करण्यापूर्वी लक्षात घ्यावे. हॅकनी कॅरेजच्या बाबतीत तर गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याच भागात वापरली जाणार असल्याचे दिसल्यास कौन्सिल परवाना नाकारू शकते. बेरिक-अपॉन-ट्वीडच्या प्लेट घेऊन न्यूकॅसलमध्ये धंदा करणाऱ्या गाड्यांवरून झालेल्या खटल्यात उच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच सांगितले.

गाडी विकत घेण्यापूर्वी

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. लोक आधी चांगली दिसणारी गाडी घेतात आणि नंतर कौन्सिलचे नियम उघडतात. क्रम उलटा हवा. कौन्सिलच्या संकेतस्थळावरील वाहन धोरणाची सध्या लागू असलेली प्रत उतरवून घ्यावी, तिच्यावरील तारीख पाहावी आणि ज्या गाडीचा विचार आहे तिचे मॉडेल, नोंदणीची तारीख व इंजिन यांची माहिती देऊन परवाना विभागाला ईमेलने विचारावे. फोनवरचे उत्तर पुढे दाखवता येत नाही. लेखी उत्तर दाखवता येते.

प्रायव्हेट हायर गाडीसाठी कायद्याची किमान अट अशी: गाडी प्रकार, आकार आणि रचना या दृष्टीने योग्य असावी, यांत्रिकदृष्ट्या सुस्थितीत, सुरक्षित आणि आरामशीर असावी, तिचा विमा असावा आणि तिच्याकडे पाहून ती हॅकनी कॅरेज आहे असा कोणाचा समज होता कामा नये. शेवटच्या अटीमुळेच अनेक कौन्सिले लंडन पद्धतीच्या काळ्या कॅबला किंवा आपल्या शहरातील हॅकनी गाड्यांच्या ठरावीक रंगाला प्रायव्हेट हायरचा परवाना देत नाहीत. याच कारणाने प्रायव्हेट हायर गाडीच्या छतावर टॅक्सी किंवा कॅब हा शब्द असलेली पाटी लावण्यास १९८० च्या कायद्याने बंदी आहे.

याखेरीज प्रत्येक कौन्सिल स्वतःच्या अटी घालते, आणि त्यांतील पाच-सहा गोष्टींवर बारकाईने लक्ष द्यावे. पहिली गोष्ट वयाची. अनेक धोरणांत पहिला परवाना घेताना गाडीचे कमाल वय आणि नूतनीकरणासाठीचे कमाल वय वेगवेगळे असते. सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांचा कल केवळ वयाची मर्यादा ठेवण्याऐवजी सुरक्षितता आणि धूर यांच्या निकषांकडे आहे, पण सूचना म्हणजे सक्ती नव्हे. दुसरी गोष्ट धुराची. पेट्रोलसाठी युरो ४ आणि डिझेलसाठी युरो ६ (धुराच्या युरोपीय मानकांच्या पातळ्या) हे क्लीन एअर झोनचे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणाऱ्या शहरी क्षेत्राचे, मापदंड आहेत, आणि काही कौन्सिलांचे निकष त्याहून कडक आहेत. बर्मिंगहॅममध्ये १ जून २०२१ पासून हा झोन लागू आहे आणि निकषात न बसणाऱ्या मोटारीला दिवसाला ८ पौंड पडतात. रोज शहराच्या मध्यभागी जाणाऱ्या गाडीचा हा खर्च वर्षभरात किती होईल, ते आधीच मांडून पाहावे.

काळ्या काचांचा प्रश्न अनेकांना तपासणीच्या दिवशीच कळतो. देशाच्या कायद्यानुसार पुढची काच किमान ७५ टक्के आणि पुढच्या बाजूच्या खिडक्या किमान ७० टक्के प्रकाश आत येऊ देणाऱ्या असाव्यात. मागच्या खिडक्यांसाठी कायद्यात अशी मर्यादा नाही, म्हणून कारखान्यातूनच काळ्या काचा घेऊन आलेली गाडी रस्त्यावर पूर्णपणे कायदेशीर असते. तरीही प्रवासी बाहेरून दिसले पाहिजेत, या कारणासाठी काही कौन्सिले तिला प्लेट नाकारतात. काचा बदलण्याचा खर्च लहान नसतो. तसेच विमा कंपनीने अपघातानंतर मोडीत काढलेल्या आणि मग दुरुस्त केलेल्या गाड्या स्वस्त मिळतात, पण एस किंवा एन श्रेणीची नोंद असलेली गाडी अनेक कौन्सिले स्वीकारत नाहीत. गाडीचा इतिहास तपासण्याचे किरकोळ शुल्क इथे वाचवू नये. सहाव्या-सातव्या प्रवाशासाठी मागे घडीची आसने असलेली गाडी घेताना त्या आसनांपर्यंत पोचण्याचा मार्ग धोरणात बसतो का, हेही पाहावे, नाहीतर परवाना कमी प्रवाशांचा मिळतो.

कर्जावर किंवा भाडेकराराने गाडी घ्यायची असल्यास करारात टॅक्सी म्हणून वापराला मनाई नाही ना, हे वाचून घ्यावे. वैयक्तिक वापरासाठीच्या अनेक करारांत ती असते. हॅकनी कॅरेजसाठी बऱ्याच ठिकाणी व्हीलचेअर आत जाऊ शकेल अशीच गाडी लागते. ज्या गाड्यांची नावे २०१० च्या समानता कायद्याखालील कौन्सिलच्या यादीत आहेत, त्यांच्या चालकाने व्हीलचेअरमधील प्रवाशाला नेणे, मदत करणे आणि त्यासाठी जादा पैसे न घेणे बंधनकारक आहे.

आणि या सर्वांच्याही आधी चालकाचा परवाना. चारित्र्य-पडताळणी, वैद्यकीय तपासणी, स्थानिक माहितीची चाचणी आणि देशात काम करण्याच्या हक्काची तपासणी यांत काही महिने सहज जातात. त्या काळात प्लेट घेऊन ठेवलेली गाडी नुसती उभी राहते आणि परवान्याचे वर्ष संपत जाते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मराठी तरुणांनी हेही ध्यानात ठेवावे, की त्या व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नसते.

अर्ज आणि तपासणी

अर्जासोबत साधारणपणे गाडीचे लॉगबुक (नोंदणीपत्र) किंवा खरेदीची पावती, भाड्याच्या वापराचा विमा, चालू एमओटी (गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीचे) प्रमाणपत्र आणि शुल्क लागते. खासगी गाडीला एमओटी तिसऱ्या वर्षानंतर लागते, टॅक्सीला पहिल्या वर्षानंतरच. विम्याच्या कागदावर प्रायव्हेट हायर की पब्लिक हायर (म्हणजे हॅकनी), हे स्पष्ट लिहिलेले असावे. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ज्या मालकाकडे त्याच कौन्सिलचा चालक परवाना नाही, त्याच्याकडून २०२० च्या राष्ट्रीय मानकांनुसार दरवर्षी मूलभूत डीबीएस (गुन्हेगारी नोंदींच्या पडताळणीचे) प्रमाणपत्र मागितले जाते. कर नोंदणीची तपासणी, जी ४ एप्रिल २०२२ पासून सुरू झाली, ती चालक आणि ऑपरेटर यांच्या परवान्यासाठी आहे. केवळ गाडीच्या परवान्यासाठी ती लागत नाही.

कौन्सिलची तपासणी एमओटीपेक्षा कडक असते. एमओटीत पास झालेली गाडी फाटलेल्या आसनासाठी, खरचटलेल्या बंपरसाठी किंवा मळलेल्या इंजिनासाठी परत पाठवली जाते आणि फेरतपासणीचे शुल्क पुन्हा भरावे लागते. आदल्या दिवशी गाडी आतून, बाहेरून आणि खालून धुऊन न्यावी, सर्व दिवे व आसनपट्टे तपासावेत, सुटे चाक किंवा पंक्चर किट धोरणात सांगितल्याप्रमाणे आहे का ते पाहावे आणि धूम्रपानबंदीची पाटी लावावी.

प्लेट मिळाल्यानंतर

परवाना जास्तीत जास्त एका वर्षाचा असतो. या काळात कौन्सिल गाडी तपासणीसाठी बोलावू शकते, पण १२ महिन्यांत ३ पेक्षा जास्त वेळा नाही. अपघातात गाडीची सुरक्षितता, कामगिरी किंवा रूप यांवर परिणाम झाला असेल, तर शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत कौन्सिलला कळवावे लागते. चूक आपली नव्हती, हे न कळवण्याचे कारण होऊ शकत नाही. दुरुस्तीच्या काळात विमा कंपनीने दिलेली बदली गाडी कामावर वापरायची असेल, तर तिलाही त्याच कौन्सिलची प्लेट लागते.

घरच्यांना चकित करणारा नियम यापुढचा आहे. प्लेट लागलेली गाडी ती लागलेली असेपर्यंत टॅक्सीच असते, काम चालू असो वा नसो. त्यामुळे टॅक्सीचालकाचा परवाना नसलेल्या पत्नीने किंवा मुलाने ती रविवारी भाजी आणण्यासाठी चालवणेही गुन्हा ठरते. हॅकनी गाड्यांबद्दल १९०१ पासून आणि प्रायव्हेट हायरबद्दल १९९७ पासून न्यायालयांचे निर्णय असेच आहेत. घरात एकच गाडी असेल, तर हा विचार ती घेण्याआधीच व्हावा.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या काही आठवडे आधी करावा. एक दिवस जरी उशीर झाला, तरी कौन्सिल तो सामान्यतः नवा अर्ज समजते, आणि मग गाडीला नूतनीकरणाची नव्हे तर पहिल्या परवान्याची वयोमर्यादा लागते. चांगली चालणारी गाडी केवळ या कारणाने धंद्यातून बाद होऊ शकते.

रस्त्यावरील तपासणीत अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही, तर तो गाडीचा परवाना जागेवर निलंबित करू शकतो, आणि २ महिन्यांत गाडी समाधानकारक स्थितीत आणून दाखवली नाही, तर परवाना रद्द झाला असे मानले जाते. दुरुस्ती झाली की लगेच फेरतपासणीची वेळ मागावी. तो कालावधी थांबत नाही. प्रायव्हेट हायर गाडीचा परवाना नाकारला गेला किंवा त्यातील एखादी अट जाचक वाटली, तर २१ दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येते. हॅकनी गाडीचा परवाना नाकारल्यास मात्र अपील थेट क्राउन कोर्टात होते. यांपैकी कोणत्याही कोर्टात हरल्यास खर्च अंगावर येऊ शकतो, म्हणून आधी कौन्सिलकडे धोरणातून अपवाद करण्याची लेखी, कारणांसह विनंती करावी. धोरण हे धोरण आहे, कायदा नव्हे, आणि प्रत्येक अर्जाचा त्याच्या गुणदोषांवर विचार करणे कौन्सिलवर बंधनकारक आहे.

गाडी प्लेटसह दुसऱ्याला विकली, तर नव्या मालकाचे नाव व पत्ता १४ दिवसांच्या आत लेखी कळवावा. प्लेट ही कौन्सिलची मालमत्ता आहे. परवाना संपल्यावर किंवा रद्द झाल्यावर कौन्सिलने नोटीस दिली, की ७ दिवसांत ती परत करावी लागते, आणि ती जमा केल्याची पावती मागून घ्यावी.