चार्टर शाळांचं बिल फॉलो करताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी पालकांमध्ये चार्टर शाळेच्या (सरकारी पैशावर चालणारी, पण स्वतंत्र संस्थेने चालवलेली शाळा) प्रवेशाच्या लॉटरीची चर्चा भरपूर होते, पण ती शाळा ज्या कायद्यावर चालते तो राज्याच्या विधिमंडळात कसा बनतो, कधी आणि कोण बदलतं, हे फार कमी लोक बघतात. जे बघतात तेही बऱ्याचदा त्याच त्याच ठिकाणी फसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बिलाचा (विधेयकाचा) एकच नंबर धरून बसणं. फ्लोरिडात २०१७ ला काय झालं बघा. चार्टर कंपन्यांना मोठा निधी देणारी 'स्कूल्स ऑफ होप' योजना हाऊस बिल ५१०५ मध्ये होती, आणि ७०६९ हे बिल मुळात शिक्षकांच्या बोनसचं होतं. अधिवेशन संपता संपता नेत्यांनी बंद दाराआड बोलणी करून ती योजना आणि शिक्षणाचे इतर ढीगभर विषय ७०६९ मध्ये कोंबले, बजेटसोबतचं बिल म्हणून आणलं, म्हणजे दुरुस्ती सुचवायची सोयच नाही, घ्या नाहीतर सोडा. पावणेतीनशेच्या आसपास पानं, शुक्रवारी समोर आली आणि सोमवारी, ८ मे ला, मतदान! सिनेटमध्ये २० विरुद्ध १८. एक मत फिरलं असतं तर १९-१९ होऊन बिल पडलं असतं, इतकं काठावरचं. आणि ज्याने फक्त ५१०५ चा अलर्ट लावला होता त्याला यातलं काही कळलंच नसणार.

म्हणून नंबरसोबत मूळ कायद्याचं कलम पण सर्च करा. चार्टरच्या कलमाला हात लावणारं कुठलंही बिल, मग नाव काहीही असो, त्यात सापडतं. शेवटच्या आठवड्यात बजेटची बिलं आणि कॉन्फरन्स कमिटीचे (दोन्ही सभागृहांतले मतभेद मिटवणाऱ्या समितीचे) रिपोर्ट रोज उघडून बघाच. न्यूयॉर्कचा चार्टर कायदा तर १९९८ च्या डिसेंबरात, निवडणूक आटोपल्यावर, आमदारांच्या पगारवाढीच्या सौद्यात पास झाला. चर्चा कधी आणि लोकांनी बोलायचं कधी? मला हे आजही पटत नाही, चार्टर शाळा चांगल्या की वाईट हा मुद्दाच वेगळा आहे.

बातमीत एक आणि बिलात भलतंच दिसतंय? मग तुम्ही जुनं व्हर्जन उघडलंय. बऱ्याच राज्यांत नवीन शब्दांखाली रेघ असते आणि काढलेले शब्द खोडलेले दिसतात, तेवढंच आधी वाचा. दोन्ही सभागृहांत पास झालेलं फायनल व्हर्जन 'एनरोल्ड' नावाने असतं. कमिटीसमोर बोलायला एक-दोन मिनिटंच मिळतात, तेव्हा 'शिक्षण महत्त्वाचं आहे' वगैरे नको, सरळ कलम सांगा आणि त्यात काय बदल हवा ते सांगा.

बिल पास झालं म्हणजे विषय संपला असंही धरू नका. वॉशिंग्टन राज्यात लोकांनी २०१२ ला मतदानाने चार्टर कायदा आणला, आणि सप्टेंबर २०१५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, तोही शाळा सुरू होऊन वर्ग भरायला लागल्यावर. कारण असं की राज्यघटनेने 'कॉमन स्कूल'साठी (नेहमीच्या सरकारी शाळांसाठी) राखलेला पैसा मतदारांनी निवडलेलं बोर्ड नसलेल्या शाळांना देता येत नाही. पुढच्या वर्षी विधिमंडळाने राज्याच्या लॉटरी तिकिटांच्या पैशातून सोय केली आणि गव्हर्नर इन्स्ली यांनी सही न करताच ते बिल कायदा होऊ दिलं. केंटकीत २०१७ ला कायदा झाला पण कायमच्या निधीची सोयच केली नाही, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं एकही चार्टर शाळा उघडली नाही. तेव्हा पैसा कुठून येणार ते कलम आधी शोधा.

आता कायदा झाल्यानंतरची चूक. शाळा खासगी संस्था चालवते म्हणून कागद मागता येत नाहीत असं समजून लोक गप्प बसतात. कॅलिफोर्नियात २०१९ च्या सिनेट बिल १२६ ने चार्टर शाळांच्या बोर्डांना खुल्या बैठकीचा आणि सार्वजनिक कागदपत्रांचा कायदा स्पष्टपणे लागू केला. म्हणजे नेहमीच्या बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लागलाच पाहिजे, आणि कागद मागितले की ते देता येतील की नाही हे साधारण १० दिवसांत कळवायला लागतं. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखंच, 'सगळा हिशोब द्या' असं लिहिलंत तर अर्ज लटकतो. 'अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत शाळेचं काम बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीला दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि तिच्यासोबतचा करार' असं लिहा. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथे हे नियम चार्टरला लागू आहेत का ते त्या राज्याच्या चार्टर कायद्यातच बघा.