मालकाकडून थेट आरव्ही भाड्याने घेताना

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि झोपण्याची सोय असलेली गाडी, दोन ठिकाणांहून भाड्याने मिळते: एक तर मोठ्या कंपनीच्या ताफ्यातून, नाहीतर आपली गाडी वर्षातले बरेच महिने अंगणात नुसती उभी राहते म्हणून ती भाड्याने देणाऱ्या खासगी मालकाकडून. अशा मालकांची आणि भाडेकरूंची गाठ घालून देणाऱ्या संकेतस्थळांपैकी आरव्हीशेअर आणि आउटडोअर्सी ही दोन तेथे विशेष परिचित आहेत. कंपनीच्या ताफ्यातल्या गाड्या साधारण एकसारख्या असतात. मालकाची गाडी मात्र त्याने जशी राखली असेल तशी असते. म्हणून येथे गाडीइतकाच तिचा मालकही पारखून घ्यावा लागतो.

गाडी निवडताना आधी माणसे मोजावीत. दोघांसाठी ‘क्लास बी’, म्हणजे आतून घर केलेली व्हॅन, पुरेशी होते आणि ती शहरातही चालवता येते. उन्हाळ्यात पुण्याहून किंवा नाशिकहून आई-बाबा आले असतील आणि मुलेही बरोबर असतील, तर चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली ‘क्लास सी’ सोयीची पडते. जाहिरातीतले ‘सहा जणांची झोपण्याची सोय’ हे शब्द वाचून मात्र निश्चिंत होऊ नये, कारण झोपण्याच्या जागा आणि पट्टे असलेल्या जागा यांची संख्या सारखी असेलच असे नाही. लहान मुलांची खुर्ची पुढे तोंड असलेल्या आसनावरच बसवायची असते. आडव्या किंवा मागे तोंड असलेल्या आसनावर ती बसवणे सुरक्षित नाही. पट्टे किती आहेत आणि त्या आसनांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, हे मालकाला विचारून त्यांचे छायाचित्र मागवावे.

जाहिरातीतला रोजचा दर हा खर्चाचा साधारण निम्माच भाग असतो. समजा, 150 डॉलर रोज या दराने पाच रात्रींची ‘क्लास सी’ घेतली आणि एकूण 1,000 मैलांचा प्रवास ठरवला. भाडे झाले 750 डॉलर. रोजचे 100 मैल मोफत आणि पुढच्या प्रत्येक मैलाला 40 सेंट असा करार असेल, तर उरलेल्या 500 मैलांचे 200 डॉलर होतात. अशी गाडी गॅलनला 10 मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला जेमतेम सव्वाचार किलोमीटर चालते. साडेतीन डॉलर गॅलनच्या भावाने इंधनाचे 350 डॉलर धरावेत. सफाईचे शंभर-सव्वाशे डॉलर मिळवले की आकडा 1,400 च्या घरात जातो, आणि विमा, संकेतस्थळाचे शुल्क, जनरेटरचे जादा तास, मुक्कामाच्या जागेचे भाडे आणि अनामत रक्कम अजून यायचीच असते. कंपनीच्या दराशी तुलना करायची तर ती या बेरजेची करावी.

भारतात पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे कायद्यात बसत नाही. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असावी लागतात. अमेरिकेत खासगी आरव्ही भाड्याने देता येते, पण मालकाचा गाडीचा खासगी विमा भाड्याच्या काळात सहसा लागू होत नाही आणि आपल्या मोटारीच्या विम्यातही भाड्याची आरव्ही बहुधा धरलेली नसते. त्यामुळे संकेतस्थळावर गाडी आरक्षित करताना घेतलेला विमा हाच खरा आधार असतो. ‘शुल्क वाचवू, पैसे थेट मला पाठवा’ असे मालक गोड शब्दांत सुचवू लागला, तर त्या वाचलेल्या पैशांबरोबर हा आधारही जातो. तेव्हा तेथे व्यवहार थांबवावा. चालवणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात असले पाहिजे आणि विम्याची वयाची अट, जी पुष्कळदा 25 वर्षांची असते, प्रत्येकाने पूर्ण केलेली असली पाहिजे.

गाडी ताब्यात घ्यायला किमान दीड तास काढून ठेवावा, आणि तोही दिवसाउजेडी. बाहेरून, आतून आणि छताची चित्रफीत घ्यावी. नंतर टायरवर कोरलेल्या ‘डॉट’ (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहावेत: 2319 याचा अर्थ तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण जुने होतातच, आणि हा दोष वरवर पाहून कळत नाही. त्यानंतर फ्रिज, चूल, पाणी तापवण्याचे यंत्र, एसी आणि जनरेटर मालकाच्या समोर सुरू करून पाहावेत. बाहेरची वीज 30 अँपिअरची असेल, तर गाडीला 3,600 वॅट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) एकाच वेळी लावले की खटका पडतो.

सांडपाण्याच्या टाक्या दोन असतात: शौचालयाची ‘ब्लॅक’ आणि मोरी-न्हाणीची ‘ग्रे’. ताब्यात घेताना दोन्ही रिकाम्या आहेत ना, ते पाहावे. मुक्कामात ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवावा, नाहीतर पाणी वाहून जाते आणि घाण तळाशी साचते. रिकामी करताना आधी ब्लॅक आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. हे काम कोणालाच आवडत नाही, पण मालकाकडून ते एकदा हाताने करून दाखवून घेतल्यास पुढची फजिती टळते.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हिंग-मोहरीची फोडणी त्या इवल्याशा गाडीच्या पडद्यांत आणि गाद्यांत मुरते आणि वासाबद्दल वेगळे शुल्क घेणारे मालक आहेत. फोडणीचे काम बाहेरच्या टेबलावर, छोट्या शेगडीवर करावे. आत भात, पोहे, गरम केलेल्या पोळ्या एवढेच ठेवावे.

मार्ग आखण्यापूर्वी गाडीची लांबी आणि उंची फूट-इंचांत कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवावी. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या मधल्या डोंगराळ भागात 21 फुटांहून लांब किंवा 8 फुटांहून रुंद गाडी नेता येत नाही, आणि बाल्टिमोरच्या बोगद्यांत प्रोपेनच्या, म्हणजे गाडीतल्या चुलीच्या गॅसच्या, टाक्यांवर निर्बंध आहेत. मोटारींसाठीचे नेहमीचे नकाशे यातले काहीच सांगत नाहीत. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या मुक्कामाच्या तळांवर विजेची वा पाण्याची जोडणी नाही, म्हणून तेथे जनरेटरच्या तासांचा हिशेब आधीच करावा. नेवाडाच्या वाळवंटात भरणारा बर्निंग मॅन महोत्सव किंवा उन्हाळ्यातील डेथ व्हॅलीचे तापलेले वाळवंट यांना पुष्कळ करारांत मनाई असते. जायचे असल्यास मालकाची लेखी संमती घ्यावी.

परत करताना दोन्ही टाक्या रिकाम्या, इंधन ठरल्याइतके आणि आतली जमीन झाडलेली असावी. मालकासमोर पुन्हा तशीच चित्रफीत घ्यावी, मैलांचा आणि जनरेटरच्या तासांचा आकडा दोघांनी मिळून लिहावा आणि अनामत खात्यात परत जमा होईपर्यंत दोन्ही चित्रफिती फोनमधून काढून टाकू नयेत.