ट्रॅक डेसाठी गाडीच्या एक्झॉस्टचा आवाज आटोक्यात कसा आणावा

ट्रॅक डेला, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवण्याच्या दिवशी, गाडी यांत्रिकदृष्ट्या उत्तम स्थितीत असूनही केवळ आवाजाची मर्यादा ओलांडल्यामुळे परत पाठवली जाते, तेव्हा मालकाची पहिली प्रतिक्रिया बहुधा मोठा आणि महाग सायलेन्सर विकत घेण्याची असते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आवाज नेमका कुठून येतो आणि तो किती आहे हे आधी मोजून ठरवावे, कारण डेसिबलच्या गणितात सर्वांत मोठा स्रोत बाकीच्यांना झाकून टाकतो. समान तीव्रतेचे दोन स्रोत एकत्र आले तर एकूण पातळी ३ डेसिबलने वाढते. परंतु एक स्रोत दुसऱ्यापेक्षा १० डेसिबलने कमी असेल, तर तो पूर्णपणे बंद केला तरी एकूण आकड्यात अर्ध्या डेसिबलचाही फरक पडत नाही. मॅनिफोल्डच्या (इंजिनातून निघणारे वायू एकत्र आणणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून, म्हणजे जोड घट्ट बंद करणाऱ्या चकतीतून, होणारी गळतीच जर मुख्य दोषी असेल, तर मागच्या बाजूला कितीही उत्तम सायलेन्सर लावला तरी आकडा फारसा हलत नाही तो याचमुळे.

आवाजाची तपासणी साधारणपणे दोन प्रकारे होते. उभ्या गाडीच्या तपासणीत ध्वनिमापक एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, तोंडाच्याच उंचीवर आणि बाहेर पडणाऱ्या वायूच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करून धरतात आणि इंजिन मिनिटाला ठरावीक फेऱ्यांवर स्थिर ठेवायला सांगतात. अनेक ठिकाणी ही गती कमाल शक्तीच्या फेऱ्यांच्या तीन चतुर्थांश इतकी धरली जाते; म्हणजे ६,००० फेऱ्यांवर कमाल शक्ती देणाऱ्या इंजिनाची तपासणी ४,५०० फेऱ्यांवर होते. दुसऱ्या प्रकारात ट्रॅकच्या कडेपासून काही अंतरावर बसवलेला ध्वनिमापक धावत्या गाडीचा आवाज टिपतो. मर्यादा ट्रॅकनुसार, आणि पुष्कळदा त्याच ट्रॅकवर दिवसानुसारही बदलते, म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी त्या दिवसाचे दोन्ही आकडे आयोजकांकडून लेखी मागवून घ्यावेत. १०५ डेसिबलच्या दिवसासाठी तयार केलेली गाडी ९८ डेसिबलच्या दिवशी चालणार नाही, आणि ७ डेसिबलची ही तूट आयत्या वेळी भरून काढणे जवळजवळ अशक्य असते.

स्वतः मोजताना ए-वेटिंगची (माणसाच्या कानाला जाणवेल तसा आवाज मोजण्याची) सोय असलेला साधा ध्वनिमापक वापरावा. मोबाइलवरील अॅप आधीची आणि नंतरची पातळी ताडून पाहण्यापुरते उपयोगी आहे, पण त्याच्या आकड्यावर विसंबून प्रवासाला निघू नये. गाडी मोकळ्या जागी, भिंती आणि इतर गाड्यांपासून दूर उभी करावी, इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे आणि अंतर टेपने मोजावे, अंदाजाने नव्हे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, त्यामुळे अर्ध्या मीटरऐवजी एक मीटरवरून मोजणारा माणूस स्वतःचीच फसवणूक करतो. किमान तीन वेळा मोजून सर्वांत मोठा आकडा खरा धरावा आणि तो मर्यादेपेक्षा दोन-तीन डेसिबलने कमी राहील असे उद्दिष्ट ठेवावे, कारण दोन ध्वनिमापकांत तेवढा फरक सहज पडू शकतो. हे काम करताना कानांवर संरक्षक असावेत, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये, कारण एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो.

यानंतर गळती शोधावी. थंड एक्झॉस्टच्या तोंडात व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या बाजूने हवा सोडून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी मारले, की बारीकशी फटही बुडबुड्यांनी उघडी पडते. मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड यांच्यामधील गॅस्केट, फ्लँजचे (नळ्यांच्या टोकांच्या बोल्टने आवळायच्या सपाट कडांचे) जोड, लवचीक जाळीदार तुकडा आणि ऑक्सिजन सेन्सरचा आटा ही नेहमीची ठिकाणे आहेत; जोडाभोवती काजळीचे काळे ओघळ दिसले तर तेथे गळती आहे असे खुशाल समजावे. गॅस्केट बदलणे, वाकलेला फ्लँज सपाट करणे आणि सैल क्लॅम्पच्या जागी रुंद पट्टीचा क्लॅम्प लावणे ही स्वस्त कामे आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधील विषारी वायू कमी करणारा भाग) काढून टाकला असेल तर तो परत बसवावा, कारण प्रदूषणाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो आवाजही लक्षणीय प्रमाणात शोषतो.

गळती नसतानाही आकडा जास्तच येत असेल, तर सायलेन्सरच्या पॅकिंगकडे वळावे. ट्रॅकवर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत सरळ आरपार जाणारा सायलेन्सर असतो: मधोमध छिद्रांची नळी, तिच्याभोवती काचतंतूंचे किंवा बेसाल्टतंतूंचे पॅकिंग आणि बाहेरून धातूचे कवच. ध्वनिलहरी छिद्रांतून तंतूंत शिरतात आणि त्यांची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते. हे पॅकिंग उष्णतेने ठिसूळ होते, वायूच्या धक्क्यांनी तुटते आणि हळूहळू छिद्रांतून बाहेर उडून जाते, त्यामुळे गेल्या हंगामात उत्तीर्ण झालेली गाडी या हंगामात, काहीही न बदलता, अनुत्तीर्ण होऊ शकते. सायलेन्सरवर बोटाने टकटक केल्यावर भरीव आवाजाऐवजी पोकळ पत्र्यासारखा आवाज आला, तर आत फारसे काही उरलेले नाही असे मानावे.

रिव्हेट लावून बंद केलेल्या सायलेन्सरचे पॅकिंग घरी बदलता येते. ड्रिलने रिव्हेट काढून टोकाची झाकणी सोडवावी, जुने तंतू बाहेर काढावेत आणि नळीची काजळीने बुजलेली छिद्रे तारेच्या ब्रशने मोकळी करावीत. हे तंतू त्वचेला आणि फुप्फुसांना त्रास देतात, म्हणून हातमोजे, चष्मा आणि मास्क यांच्याशिवाय झाकणी उघडूच नये. नळीभोवती आधी स्टेनलेस स्टीलच्या लोकरीचा पातळ थर गुंडाळला तर बाहेरचे तंतू जास्त काळ टिकतात. त्यावरचे पॅकिंग निर्मात्याने सांगितलेल्या वजनाइतके आणि सर्वत्र सारखे भरावे. सैल भरले तर ते लवकर उडून जाते, आणि ठासून भरले तर लहरींना आत शिरायला वाव न राहिल्याने शोषण घटते. शेवटी उष्णतारोधक सीलंट आणि स्टेनलेस स्टीलचे रिव्हेट वापरून झाकणी बंद करावी. नळीतच तारेचा चोथा कोंबण्याचा जो उपाय सुचवला जातो तो मात्र मुळीच करू नये, कारण तो वायूची वाट अडवतो आणि तापून ट्रॅकवर फेकला जाऊ शकतो.

पॅकिंग प्रामुख्याने वरच्या पट्टीतला कर्कशपणा कमी करते. खालच्या पट्टीतली घुमणारी घरघर त्याला फारशी दाद देत नाही. तिच्यासाठी आकारमान वाढवावे लागते, म्हणजे अधिक लांब व जाड सायलेन्सर लावावा किंवा मधल्या भागात दुसरा सायलेन्सर जोडावा. मला दुसरा पर्याय अधिक पटतो, कारण आतल्या नळीचा व्यास तोच ठेवल्यास शक्तीचे नुकसान नगण्य राहते. एखाद्या ठरावीक फेऱ्यांवरच घुमारा येत असेल, तर मुख्य नळीला एका टोकाने बंद असलेली पाव लहरलांबीची शाखानळी जोडता येते. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात ४,५०० फेऱ्यांवर दर सेकंदाला १५० स्फोट होतात. सुमारे ३०० अंश सेल्सियस तापमानाच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास असतो, म्हणून या शाखानळीची लांबी ४८० भागिले ६०० (१५० ची चौपट, कारण नळी पाव लहरलांबीची आहे), म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर निघते. तापमान बदलले की लांबीही बदलते, म्हणून तिचे बंद टोक सरकवता येईल असे ठेवून ध्वनिमापकासमोरच अंतिम लांबी ठरवावी.

टेलपाइपच्या तोंडात बसवायची अडथळ्याची पुंगळी काही डेसिबल तत्काळ कमी करते, पण ती शक्ती खाते आणि एक्झॉस्टचे तापमान वाढवते. ती तात्पुरता आधार म्हणून जवळ असावी; बसवली तर आरपार बोल्टने पक्की करावी.

धावत्या गाडीच्या तपासणीत काही वेगळ्या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. टेलपाइपचे तोंड ध्वनिमापकाच्या विरुद्ध बाजूला किंवा जमिनीकडे वळवलेले असेल तर फायदा होतो. इंधनाच्या मॅपमध्ये (इंजिनाच्या संगणकातील इंधन सोडण्याच्या तक्त्यात) अॅक्सलरेटर सोडल्यावर फटाके वाजण्याची केलेली व्यवस्था काढून टाकावी. उघडे एअर फिल्टर असलेल्या गाडीत पूर्ण अॅक्सलरेटरवर इनटेकचा आवाजच एक्झॉस्टच्या वर जाऊ शकतो, आणि तेथे बंद एअरबॉक्स हाच खरा उपाय आहे. ध्वनिमापकाची जागा ठाऊक असेल तर तेथून जाताना वरचा गिअर टाकून फेऱ्या कमी ठेवाव्यात. यामागे केवळ नियम नाही; ट्रॅकच्या आसपास राहणाऱ्या माणसांची सहनशक्ती संपली की ट्रॅकवरच निर्बंध येतात, आणि त्याची किंमत पुढच्या सगळ्याच चालकांना मोजावी लागते.

नवा भाग बसवल्यावर तो इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्यांपासून पुरेसा दूर आहे ना, आणि रबरी हँगरवर नीट टांगला आहे ना, हे गाडी भक्कम जॅक स्टँडवर ठेवून पाहावे. एकदा पूर्ण गरम होऊन थंड झालेल्या जोडांचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि त्यानंतरच शेवटचे मोजमाप घ्यावे. निघताना गाडीत दोन जादा क्लॅम्प, एक गॅस्केट, ती पुंगळी आणि तिचा पाना ठेवावा.