दुसऱ्या वेल्डिंग मशीनवर हात कसा बसवावा

दोन-तीन महिने एकाच मशीनवर रॉड जाळल्यावर रन, म्हणजे वितळलेल्या धातूची पट्टी, सरळ यायला लागतो, त्यावरची स्लॅगची कडक खपली हलक्या ठोक्याने सुटायला लागते, आणि मग काही कारणाने मशीन बदलतं. पहिलाच रॉड चिकटतो. दुसरा पेटतो, पण फडफडून विझतो. तिसऱ्याने पत्र्याला भोक पडतं. शिकाऊ माणसाला वाटतं, येत होतं तेही गेलं. तसं काही झालेलं नसतं. हाताला एका मशीनची सवय लागलेली असते आणि नवं मशीन त्याच हालचालीला वेगळा प्रतिसाद देतं.

मी जुन्या पद्धतीच्या जड मशीनवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, शिकलो. पहिल्यांदा इन्व्हर्टर, म्हणजे हलकं इलेक्ट्रॉनिक मशीन, हाती आला तेव्हा करंटचा आकडा जुनाच लावला आणि रॉड चिकटायला लागल्यावर करंट, रॉड, कोन, क्लॅम्पची जागा असं सगळं एकाच संध्याकाळी बदलून पाहिलं. नेमकं कशाने काय होतंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की अर्थ क्लॅम्प, म्हणजे करंट परत नेणारा कामाला लावायचा चिमटा, रंगावर लावला होता. तेव्हापासून एक नियम पाळतो: नव्या मशीनवर एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी मशीन कोणत्या जातीचं ते पाहा

जड, घुमणारं, पुढे हँडल फिरवून करंट कमी-जास्त करायचं मशीन बहुधा ट्रान्सफॉर्मर असतं आणि ते एसी देतं. एसी करंट प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा. त्यामुळे आर्कचा, म्हणजे रॉड आणि प्लेट यांच्यातल्या विजेच्या ज्योतीचा, आवाज खरखरीत असतो आणि रॉड पेटवायला थोडा जोर लागतो. हातात उचलता येणारा इन्व्हर्टर बहुतेक वेळा डीसी देतो. आर्क शांत, पेटतो पटकन. एसीवर शिकलेल्याला हा शांतपणा सुरुवातीला फसवतो. आवाज कमी म्हणून करंट कमी असेल असं वाटतं आणि हात डायलकडे जातो.

मागच्या किंवा बाजूच्या पट्टीवर ओपन सर्किट व्होल्टेजही लिहिलेलं असतं, म्हणजे रॉड जळत नसताना होल्डरवर (रॉड धरायच्या मुठीवर) असणारं व्होल्टेज. साधारण ५० ते ८० च्या दरम्यान ते दिसेल. हा आकडा जास्त असेल तर रॉड सहज पेटतो, कमी असेल तर रॉड जरा वर उचलला की आर्क तुटतो. प्रत्यक्ष जळताना व्होल्टेज बरंच खाली येतं. १०० अँपिअरला ते २४ व्होल्टच्या आसपास धरतात. रिकाम्या होल्डरवरचं हे व्होल्टेज ओल्या हाताला, घामेजलेल्या अंगाला धोक्याचं आहे, एसीवर तर जास्तच. हातमोजे कोरडे हवेत. ओल्या जमिनीवर उभं राहून रॉड बदलायचा नाही.

करंटला हात लावण्याआधी जोडणी

नव्या मशीनवरचे निम्मे त्रास मला इथेच सापडले आहेत.

क्लॅम्पखालचा रंग आणि गंज ग्राइंडरने काढा. जबडा सैल असेल, धातू काळा पडला असेल तर तोही घासा. केबलचे सॉकेट पूर्ण आत घालून फिरवून घट्ट करा. अर्धवट बसलेलं सॉकेट तापतं. एक्स्टेंशन वायर बारीक आणि लांब असेल तर मशीनला व्होल्टेज कमी पोचतं, आणि गुंडाळी तशीच ठेवून वेल्डिंग केलं तर वायर तापते. ती पूर्ण उलगडा.

डीसी मशीनवर पोलॅरिटी, म्हणजे कोणती केबल अधिकवर आणि कोणती उणेवर आहे ते, तपासा. केबलच्या रंगावर विश्वास ठेवू नका, मशीनवरचं अधिक-उणेचं चिन्ह वाचा. ई ७०१८ या जातीच्या रॉडसाठी होल्डर अधिकवर लावतात. ई ६०१३ जातीचा रॉड दोन्ही बाजूंनी आणि एसीवरही चालतो. होल्डर उणेवर असेल तर धातू कमी खोल जातो, म्हणून पातळ पत्र्याला तसं लावणं सोयीचं. आधीच्या माणसाने टिग (टंगस्टनच्या सुईने करायचं वेगळ्या पद्धतीचं वेल्डिंग) करून केबल तशाच ठेवल्या असतील, तर होल्डर नकळत उणेवर राहतो. टिग आणि रॉड असं निवडायचं बटणही पाहून घ्या. ते टिगवर राहिलं तर रॉड चिकटत राहील आणि दोष तुम्ही हाताला द्याल.

ओळखीचा रॉड, ओळखीची प्लेट

नव्या मशीनवर नवा रॉड आणि नवं काम एकदम घेऊ नका. जुन्या मशीनवर वापरत होता तोच रॉड घ्या, कोरड्या पाकिटातला. मी ३.१५ मिलिमीटरचा ई ६०१३ आणि ६ मिलिमीटर जाडीची सपाट प्लेट घेतो. प्लेट स्वच्छ घासून टेबलावर आडवी ठेवायची आणि जोड न करता नुसते रन ओढायचे.

करंट डायलवर नाही, प्लेटवर शोधा

यावर घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. डायलवरचा ११० म्हणजे होल्डरमधून ११० जातातच असं नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरचा काटा सरकलेला असतो, स्वस्त इन्व्हर्टरचा पडदा वाढवूनही दाखवतो. म्हणून जुन्या मशीनवरचा आकडा डोक्यातून काढून टाका. रॉडच्या पाकिटावर करंटची मर्यादा छापलेली असते, तिच्या मध्यावरून सुरुवात करा.

बोटभर अंतर सोडून तीन रन मारा: एक मध्यावर, एक १५ अँपिअर खाली, एक १५ वर. हाताचा वेग आणि कोन तोच ठेवा. प्रत्येक रनशेजारी खडूने आकडा लिहा. थंड झाल्यावर स्लॅग काढून तिन्ही शेजारी-शेजारी पाहा.

करंट कमी असेल तर रन दोरीसारखा उंच आणि अरुंद दिसतो, कडा प्लेटमध्ये मिसळलेल्या नसतात, मध्ये स्लॅग अडकतो. जास्त असेल तर रन पसरट, कडेला चर पडलेला, आजूबाजूला स्पॅटर (उडालेल्या धातूचे थेंब), लाटा टोकदार, आणि रॉड अर्धा जळाला की उरलेला लाल होतो. बरोबर करंटवर लाटा एकसारख्या अर्धचंद्राच्या, कडा प्लेटला सपाट मिळालेल्या असतात. आता ज्या बाजूचा रन बरा आला तिकडे ५-५ अँपिअरने सरका. चार-पाच रॉडमध्ये जागा सापडते.

कानही वापरा. बरोबर करंट आणि जवळचा आर्क असेल तर सलग चरचर ऐकू येते. फटफट आवाज आला तर बहुधा आर्क लांब झालेला असतो. तेव्हा आधी रॉड खाली आणा, डायल नंतर.

हाताने काय बदलायचं

ट्रान्सफॉर्मरवर अनेकांना एक सवय नकळत लागते: रॉड जवळ घेऊन उष्णता वाढवायची, वर उचलून कमी करायची. काही मशीनवर रॉड जवळ घेतला की करंट खरोखरच वाढतो. इन्व्हर्टर मात्र करंट जवळपास तेवढाच धरून ठेवतो. त्यामुळे रॉड दाबला तर करंट वाढत नाही, रॉड सुटण्याऐवजी चिकटतो, आणि लांब उचलला की आर्क एकदम बंद होतो. आर्कची लांबी रॉडच्या तारेच्या जाडीएवढी ठेवा आणि उष्णता हाताच्या वेगाने सांभाळा.

रॉड पेटवताना एसीवर ठोकायची सवय असेल तर इन्व्हर्टरवर काडी ओढल्यासारखं घासून बघा. पेटला की थबकू नका, लगेच योग्य अंतरावर या.

डीसीवर आणखी एक अनोळखी गोष्ट घडते. कोपऱ्यात किंवा प्लेटच्या टोकाशी आर्क आपोआप एका बाजूला वाकतो आणि धातू भलतीकडे उडतो. हा चुंबकीय क्षेत्राचा परिणाम आहे. क्लॅम्पची जागा बदला, आर्क आखूड करा, थोडा करंट कमी करा. मशीनवर एसी असेल तर एसीवर न्या.

बटणं एकेक करून

हॉट स्टार्ट रॉड पेटताना क्षणभर जास्त करंट देतो. जाड प्लेटवर उपयोगी, पातळ पत्र्यावर सुरुवातीलाच भोक पाडतो. अँटी-स्टिक रॉड चिकटला की करंट पाडतो, म्हणजे तो लाल न होता सोडवता येतो. आर्क फोर्स मात्र समजून घ्या. आर्क फार आखूड होऊन व्होल्टेज घसरलं की हे सर्किट करंट वाढवतं आणि रॉड चिकटू देत नाही. सुरुवातीला तो कमी ठेवा. करंट बरोबर असूनही रॉड चिकटत असेल तरच थोडा-थोडा वाढवा. फार वाढवलात तर स्पॅटर वाढतो.

मशीनचा दमही पाहा. पट्टीवर १६० अँपिअर, ६० टक्के असं असेल तर त्या करंटवर १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग आणि ४ मिनिटं विश्रांती. हे माप ४० अंश सेल्सिअसला धरलेलं असतं. तापल्याचा दिवा लागला तर वेल्डिंग थांबवा, पण मशीन लगेच बंद करू नका, पंखा चालू राहू द्या. ग्राइंडरच्या ठिणग्या इन्व्हर्टरच्या दिशेने जाऊ देऊ नका, पंखा ते लोखंडी पीठ आत ओढतो.

सपाट प्लेटवर सलग दहा रन सारखे आले की आडवा कोपरा, मग उभा जोड घ्या. उभ्या जोडाला करंट साधारण १० ते १५ टक्के खाली आणून सुरुवात करा. सापडलेले आकडे कागदी टेपवर लिहून मशीनच्या झाकणाला चिकटवा: रॉड कोणता, जाडी किती, होल्डर कुठे, डायल किती. ते आकडे फक्त त्या मशीनचे. माझ्याकडच्या दोन मशीनवर एकाच रॉडसाठी डायलमध्ये २० अँपिअरचा फरक आहे, आणि दोन्हीवरचे रन शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत.