परग्रहावर जीव सापडल्याची बातमी वाचताना या चुका टाळा

मंगळावर, शुक्रावर किंवा दूरच्या एखाद्या ग्रहावर 'जीवसृष्टीचे संकेत' मिळाल्याची बातमी अधूनमधून येतेच. आठवडाभर ती सगळीकडे फिरते, मग पुढे तिचं काय झालं हे कोणी विचारत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण त्या बातमीमागचं रसायनशास्त्र खरोखर विलक्षण असतं. गल्लत होते ती ठरावीक जागी, आणि अशा प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारायचा असतो: हे जिवाशिवाय घडू शकतं का?

सेंद्रिय रेणू दिसले की जीव आहे असं मानणं

ही सगळ्यात मोठी चूक. कार्बनचे गुंतागुंतीचे रेणू घडवायला निसर्गाला जिवाची गरज लागत नाही. 1953 साली स्टॅनली मिलर यांनी शिकागो विद्यापीठात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि त्यातून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते रेणू, तयार झाली. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या अशनीत तर पृथ्वीवरच्या प्रथिनांत न आढळणारी अमिनो आम्लंही निघाली. आणि अलीकडचं उदाहरण बेन्नू या लघुग्रहाचं. ओसायरिस-रेक्स यानाने 2023 मध्ये तिथून सुमारे 121 ग्रॅम नमुना आणला. आपली प्रथिनं ज्या 20 अमिनो आम्लांची बनतात, त्यांतली 14 त्यात मिळाली. शिवाय डीएनए आणि आरएनएमधली अक्षरं ज्यांची असतात ते पाचही नायट्रोजनयुक्त रेणू.

इतकं सगळं असूनही कोणा शास्त्रज्ञाने बेन्नूवर जीव आहे असं म्हटलं नाही. का? बहुतेक अमिनो आम्लांचे डावा आणि उजवा असे दोन प्रकार असतात, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. पृथ्वीवरचे सजीव प्रथिनं बनवताना जवळपास फक्त डावी वापरतात. बेन्नूच्या नमुन्यात दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात निघाली, म्हणजे कोणी निवड केलेली दिसत नाही. एका बाजूला थोडासा कल दिसला, तरी तो जिवाचा पुरावा म्हणून पुरत नाही. मर्चिसनच्या अशनीतही काही अमिनो आम्लांत डाव्यांचं पारडं किंचित जड आहे. म्हणून बातमीत कोणते रेणू मिळाले एवढंच वाचून थांबू नका. ते कोणत्या प्रमाणात मिळाले ते शोधा. खरी माहिती तिथे असते.

एकाच वायूवर भिस्त ठेवणं

ऑक्सिजन दिसला की झाडं असतीलच असं नाही. ताऱ्याच्या अतिनील किरणांनी पाण्याची वाफ फुटते, हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि ऑक्सिजन मागे राहतो. जोडी दिसली तर गोष्ट वेगळी. ऑक्सिजनच्या सहवासात मिथेन फार टिकत नाही, पृथ्वीच्या हवेत साधारण दहा-बारा वर्षं. तरीही दोन्ही एकत्र दिसत असतील, तर कोणीतरी मिथेनचा सतत पुरवठा करत असलं पाहिजे. 1990 मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा त्याच्या उपकरणांनी आपल्याच ग्रहावर नेमकी ही जोडी टिपली होती.

एकेकट्या वायूंचा इतिहास वेगळंच सांगतो. 2020 मध्ये शुक्रावर फॉस्फिन असल्याचं जाहीर झालं; पृथ्वीवर हा वायू सूक्ष्मजीवांशी जोडला जातो. आकडेमोड पुन्हा तपासल्यावर त्याचं प्रमाण बरंच खाली आलं आणि वाद अजून मिटलेला नाही. 124 प्रकाशवर्षं दूर असलेल्या के2-18बी ग्रहावर 2025 मध्ये डायमिथाइल सल्फाइडचा संकेत सांगितला गेला. पृथ्वीवर तो वायू मुख्यतः समुद्री प्लवकांमुळे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे, येतो, हे खरं. पण 67पी या धूमकेतूवरही तो मिळाला आहे, आणि तिथे प्लवक नाहीत.

'सापडलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं समजणं

ही चूक नामवंत शास्त्रज्ञांकडूनही झाली आहे. 1976 मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाची माती तापवली आणि तिच्यातून निघणाऱ्या वायूंत सेंद्रिय रेणू शोधले. हाती आली ती क्लोरीनयुक्त दोन-तीन संयुगं, आणि ती पृथ्वीवरून यानासोबत गेलेली घाण समजून बाजूला ठेवली गेली. त्याच यानांवरच्या दुसऱ्या प्रयोगात मातीला किरणोत्सारी कार्बन असलेलं पोषक द्रावण दिल्यावर वायू बाहेर पडला होता, जणू कोणीतरी ते द्रावण खाऊन श्वास सोडला. पण मातीत सेंद्रिय काही नाही म्हटल्यावर तो निकालही मागे पडला.

2008 मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. हे क्षार तापवले की ऑक्सिजन आणि क्लोरीन सोडतात, आणि जवळ सेंद्रिय रेणू असतील तर ते जळून जातात. म्हणजे शोधण्याच्या पद्धतीनेच शोधायची वस्तू नष्ट झाली असण्याची शक्यता आहे. पुढे क्युरिऑसिटी रोव्हरला मंगळावर सेंद्रिय रेणू मिळालेच. याचा अर्थ 1976 मध्ये जीव सापडला होता, असाही नाही: मातीतल्या अशाच तीव्र ऑक्सिडीकारक क्षारांमुळे तो वायू निघू शकतो.

फक्त ताऱ्यापासूनचं अंतर मोजणं

'वास्तव्ययोग्य पट्ट्यातला ग्रह', म्हणजे ताऱ्यापासून पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल इतक्या अंतरावरचा, एवढ्याने काही ठरत नाही. आपला चंद्र त्याच पट्ट्यात आहे. उलट शनीचा चंद्र एन्सेलॅडस त्या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर असूनही त्याच्या बर्फाखाली समुद्र आहे, आणि शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाच्या नोंदींतून तिथे जिवाला उपयोगी पडतील असे हायड्रोजन आणि फॉस्फेट असल्याचं कळलं.

संभाव्य खुणेला पुरावा म्हणणं

सध्या याचीच परीक्षा चालू आहे. जुलै 2024 मध्ये पर्सिव्हिअरन्स रोव्हरला मंगळावरच्या जेझेरो विवराजवळच्या एका खडकावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके दिसले. त्यांत व्हिव्हियानाइट हे लोहाचं फॉस्फेट आणि ग्रेगाइट हे लोहाचं सल्फाइड असावं, असा निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीवर ही खनिजं सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात. जिवाशिवायही होतात, पण त्यातल्या काही वाटांना जास्त उष्णता लागते, आणि हा खडक तितका तापल्याच्या खुणा दिसत नाहीत. म्हणूनच शास्त्रज्ञांनी याला 'संभाव्य' खूण म्हटलं आहे. रोव्हरने त्या खडकाचा नमुना नळीत बंद करून ठेवला आहे. तो कधी पृथ्वीवर आला, तर लोह आणि गंधक यांच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण प्रयोगशाळेत नेमकं मोजता येईल. रोव्हरवरच्या उपकरणांना ते जमत नाही, आणि तोवर 'मंगळावर जीव सापडला' या मथळ्याला आधार नाही.