लेहला जाण्याआधी: तयारीची यादी

कळसूबाईचा माथा 1,646 मीटरवर, महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. लेहचा बाजार त्याच्या दुपटीहूनही उंच, सुमारे 3,500 मीटरवर भरतो. दिल्लीहून विमानात बसलं की दीड तासाच्या आत माणूस तिथे उतरतो. विमान चढणीचे दिवस वाचवतं, पण शरीराला ते दिवस लागतातच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो आणि श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजनही तितकाच. म्हणून लेहच्या तयारीची यादी स्वेटरपासून नाही, तारखांपासून सुरू करायची.

निदान आठ रात्री हाताशी असाव्यात. पहिल्या दोन रात्री लेहमध्ये, काहीही न करता. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या काठची गावं. त्यानंतर नुब्रा खोरं, मग पँगाँग सरोवर, आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस पूर्ण मोकळा. नुब्रा आधी आणि पँगाँग नंतर, हा क्रम बदलू नका. नुब्रातली दिस्कित आणि हुंदर ही गावं लेहपेक्षा खाली, 3,100 मीटरच्या आसपास आहेत. वाटेत खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडावी लागली तरी झोपायला आपण खालीच असतो. पँगाँगचा मुक्काम मात्र सव्वाचार हजार मीटरवर पडतो. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम. लेहहून पँगाँगची उडी त्याहून मोठी आहे, म्हणून ती चार-पाच रात्री मुरल्यावरच घ्यायची. तिसऱ्याच दिवशी पँगाँगला मुक्कामी नेणारं पॅकेज कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. लेहच्या सहलीतली ही सगळ्यात महागात पडणारी बचत आहे.

आपल्याकडच्या सुट्ट्या लेहच्या ऋतूशी नीट जुळत नाहीत, हेही आधीच ध्यानात घ्या. मेच्या सुरुवातीला रात्री कडाक्याच्या थंड असतात आणि खिंडी बर्फामुळे अधूनमधून बंद राहतात. दिवाळीच्या सुमाराला नळ गोठू लागतात आणि बरीच गेस्टहाऊस हंगाम आवरतात. जून ते सप्टेंबर हा काळ सगळ्यात सोयीचा. जुलै-ऑगस्टमध्ये झाडावरचे ताजे जर्दाळू खायला मिळतात. पाऊस तिथे एरवी नावालाच पडतो, पण ऑगस्ट 2010 मध्ये ढगफुटीने लेहमध्ये मोठा विध्वंस झाला होता. म्हणून ऑगस्टमध्ये नाल्याच्या पात्रालगतचा तंबू टाळून जरा उंचावरची पक्की खोली घ्यावी.

डॉक्टरांची भेट निघण्याआधी तीन ते चार आठवडे. हृदयविकार, फुप्फुसाचे जुने आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल, तर जायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावं. विदर्भातल्या आणि नंदुरबार पट्ट्यातल्या कुटुंबांनी एक तपासणी आवर्जून करावी, ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. ज्यांना स्वतःला कधीच त्रास झालेला नाही अशा वाहकांनाही या उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली अचानक कळ येते आणि ती पोटाचं दुखणं म्हणून अंगावर काढली जाते. मधुमेह असेल तर इन्सुलिन गोठू द्यायचं नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरता येत नाही, म्हणून ते अंगालगतच्या खिशात ठेवायचं. बोलता न येणाऱ्या बाळाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही, तेव्हा अगदी लहान मूल असेल तर ही सहल दोन-तीन वर्षं पुढे ढकललेली बरी.

याच भेटीत अ‍ॅसिटाझोलामाइडबद्दल विचारा. दुकानात ती डायमॉक्स नावाने मिळते. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, निघण्याच्या आदल्या दिवसापासून पोचल्यानंतरच्या दोन दिवसांपर्यंत. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. गोळीमुळे बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं आणि सोडा-कोल्ड्रिंक बेचव लागतं. हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत, घाबरून गोळी सोडू नका. घेतली म्हणून पहिल्याच दिवशी भटकायची सूट मात्र मिळत नाही. सोबत पॅरासिटामॉल, उलटीची गोळी, ओआरएसची सहा-सात पाकिटं, नाकात घालायचे सलाइनचे थेंब आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर.

व्यायामाबद्दल एक गैरसमज पक्का रुजला आहे. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्याला उंची लागत नाही, असं अजिबात नाही. उलट तरुण, धडधाकट माणसंच पहिल्या दिवशी जोरात चालून आजारी पडतात. सहा आठवडे रोज चाळीस मिनिटं चालणं आणि जिने चढणं एवढंच पुरे. त्याचा उपयोग गोंप्यांच्या, म्हणजे बौद्ध मठांच्या, पायऱ्यांवर होतो, उंचीविरुद्ध नाही. नवे बूट मात्र याच आठवड्यांत वापरून मऊ करून घ्या.

रस्त्याने जायचं असेल तर श्रीनगरकडून जावं आणि परतताना मनालीकडे उतरावं. श्रीनगर साधारण 1,600 मीटरवर, वाटेतला कारगिलचा मुक्काम 2,700 च्या आसपास. चढण हळूहळू होते आणि लेहला पोचेपर्यंत शरीर अर्धंअधिक तयार झालेलं असतं. मनालीकडून गेलं तर सरचूचा मुक्काम लेहपेक्षाही उंच पडतो आणि पुढे 5,300 मीटरची तांगलांग ला ओलांडावी लागते. त्या तंबूत डोकं धरून काढलेली रात्र, हा त्या वाटेवरचा नेहमीचा अनुभव.

कागदपत्रं आणि फोन यांत फार वेळ जात नाही, पण चुकलं तर सगळं अडतं. जम्मू-काश्मीर आणि लडाखबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. प्रीपेड असेल तर निघण्याआधी पंधरा दिवस ते पोस्टपेड करून घ्या, नाहीतर पोचल्यावर घरी फोनही लागत नाही आणि बँकेचा ओटीपीही येत नाही. लेहच्या बाहेर नेटवर्क तुटक आहे. नेटवर्क नाही म्हणजे यूपीआय नाही, म्हणून टॅक्सी, जेवण आणि मुक्काम यांपुरती रोकड लेहमधल्या एटीएममधून काढूनच पुढे जा. नकाशे आधी उतरवून ठेवा. नुब्रा, पँगाँग आणि त्सो मोरिरी हा सीमेजवळचा भाग. तिथल्या प्रवेशाचे आणि शुल्काचे नियम बदलत असतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात लेह जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्या. आधारकार्ड किंवा तत्सम ओळखपत्राच्या चार-पाच प्रती सोबत ठेवा. घरातल्या कुणाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर ओसीआय कार्ड असूनही वेगळा परवाना लागतो, तो लेहमधल्या नोंदणीकृत एजंटामार्फत काढायचा.

बॅगेत कपडे थरांनी घ्या: अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट. एका जाड स्वेटरपेक्षा हे बरं, कारण जुलैतही दुपारी ऊन पोळतं आणि रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. अंगालगत सुती बनियन नको. घामाने भिजलं की वाळत नाही आणि खिंडीतल्या वाऱ्यात गारठवतं. लोकरी मोज्यांचे तीन जोड, कानटोपी, हातमोजे. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता दहा टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणून एसपीएफ 50 चं सनस्क्रीन, ओठांसाठी बाम आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल लहान मुलांसकट प्रत्येकाला हवा. हवा इतकी कोरडी असते की दुसऱ्या सकाळी नाकात रक्ताची खपली दिसते. झोपताना आत व्हॅसलिनचं बोट फिरवलं तर ती धरत नाही.

बाटल्यांची टोपणं घट्ट लावून त्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. दाब कमी झाला की शाम्पू आणि तेल बाहेर येतं. चिवड्याची हवाबंद पाकिटंही टम्म फुगतात, ती बॅगेत तळाशी दाबू नका. पॉवर बँक हातातल्या सामानात. ऑक्सिजनचा डबा घरून नेऊ नका, विमानात तो चालत नाही आणि लेहमध्ये मिळतो. तो काही मिनिटांपुरताच पुरतो, उपचार म्हणून त्यावर विसंबू नये. खाऊमध्ये खाकरा, राजगिऱ्याचे लाडू, सुका मेवा. फुटाणे आणि शेंगदाणे कमीच बरे, कारण हवेचा दाब उतरला की पोटातला वायू फुगतो. मेतकुटाची पुडी मात्र आठवणीने घ्या.

आता पहिला दिवस, या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा. विमानं बहुतेक सकाळीच उतरतात, कारण दुपारी वारा वाढतो आणि तापलेली विरळ हवा विमानाला पुरेसा उठाव देत नाही. सकाळी पोचलेल्या माणसाला वाटतं, अख्खा दिवस हातात आहे. तो हातात नाही असंच समजा. बॅग दुसऱ्याला उचलू द्या. खोली तळमजल्यावरची किंवा पहिल्या मजल्यावरची मागा. पहिल्या दिवशी आंघोळ टाळली तरी चालेल. दिवसभर लोळा, पण गाढ झोपून राहू नका, कारण झोपेत श्वास आणखी मंदावतो. दिवसभरात तीन लिटरच्या आसपास पाणी घोट घोट प्या. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसं झालं, हट्टाने पाच-सहा लिटर प्यायल्यास रक्तातलं मीठ उतरून वेगळाच आजार होतो. भूक मरते, तेव्हा मऊ भात, तूप आणि ते मेतकूट, किंवा गरम थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप. दारू, सिगारेट आणि झोपेची गोळी पहिले दोन दिवस पूर्ण बंद. रात्री श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते, ते या उंचीवर सर्रास होतं. उशी जरा उंच घ्या.

डोकेदुखी साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होते. म्हणूनच दुपारी ‘मला काहीच झालं नाही’ म्हणणारा माणूस रात्री आडवा होतो. डोकेदुखीसोबत मळमळ, थकवा किंवा चक्कर आली की तो उंचीचाच त्रास धरा, पित्त किंवा प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नका. उपाय सोपा आहे: आराम, पॅरासिटामॉल, आणि लक्षणं जाईपर्यंत आणखी वर न जाणं. ऑक्सिमीटरवर पहिल्या दिवशी 85 ते 90 दिसणं नवलाचं नाही. बोटं गार असतील किंवा नखाला रंग लावलेला असेल तर आकडा चुकतो, म्हणून हात चोळून पुन्हा पाहा. आकड्यापेक्षा माणसाकडे लक्ष द्या. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल, बोलणं असंबद्ध झालं असेल, तर मेंदूला सूज येऊ लागली आहे. बसल्या जागी धाप लागणं, आडवं पडताच खोकला वाढणं, गुलाबी फेस येणं ही फुप्फुसात पाणी भरल्याची खूण. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही. लेहमध्ये असाल तर तडक सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटल गाठा. पँगाँगला असाल तर रात्रीच गाडी काढून लवकरात लवकर खाली आणा. आजाऱ्याला खोलीत एकटं ठेवू नका, कारण आपण बिघडतोय हे त्याचं त्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरं वाटत असेल तर मुख्य बाजारात सपाटीवर सावकाश फिरा. ‘जुले’ म्हणा. नमस्कार, निरोप आणि आभार या तिन्हींना तोच शब्द चालतो. शांती स्तूपाच्या पाचेकशे पायऱ्या या दिवशी नकोत, वरपर्यंत गाडी जाते. लडाखचा राजा सेंगे नामग्याल याच्या काळातला, सतराव्या शतकातला नऊ मजली राजवाडा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, चढताना मधे मधे बसत. शे आणि ठिकसे लेहपासून पंधरा-वीस किलोमीटरवर, तिसऱ्या दिवसासाठी अगदी योग्य. ठिकसेच्या गोंप्यातली मैत्रेयाची (भावी बुद्धाची) मूर्ती सुमारे पंधरा मीटर उंच, दोन मजले व्यापणारी. ती शांतपणे बघायला अर्धा तास ठेवा. गोंप्यात बूट काढावे लागतात आणि फरशी बर्फासारखी गार असते, तेव्हा जाड मोजे त्या दिवशी पायात हवेत. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजव्या हाताला ठेवून. टोपी काढा, जुन्या भित्तिचित्रांवर फ्लॅश मारू नका. आल्चीच्या गोंप्यातली चित्रं पाहायची असतील तर खास वेळ काढा. ती आठ-नऊशे वर्षांची आहेत आणि आल्ची लेहपेक्षा खाली असल्याने तो दिवस शरीरालाही सोपा जातो.

टॅक्सीचे दर युनियनने ठरवलेले असतात, छापील तक्ता मागून घ्या. बाहेरून भाड्याने आणलेल्या गाडीने किंवा बाइकने स्थानिक फेऱ्या करायला तिथले लोक हरकत घेतात, म्हणून भाड्याची बाइक हवी असेल तर ती लेहमध्येच घ्या. खारदुंग लावर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. मोजलेली उंची सुमारे 5,359 मीटर आहे आणि तिथे ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. फोटोसाठी धावायचं नाही, मुलांना धावू द्यायचं नाही. फोनची बॅटरी गारठून बसते, तो आतल्या खिशात ठेवा.

पाणी लेहमध्ये जपून वापरायचं असतं, ते वितळत्या हिमाचं आणि जमिनीतून उपसलेलं आहे. रोज बादलीभर आंघोळीचा आग्रह नको. जुन्या घरांत कोरडं शौचालय असतं. त्यात पाणी ओतायचं नाही, शेजारी ठेवलेली माती वरून टाकायची. प्यायला स्वतःची बाटली न्या आणि गाळलेलं पाणी भरून घ्या.

परतीचं विमान हवा बिघडली की रद्द होतं, कधी कधी सलग दोन दिवस. म्हणून दिल्लीहून मुंबई-पुण्याचं तिकीट त्याच दुपारचं काढू नका, मधे एक रात्र सोडा. लेहच्या विमानतळावर तपासणी कडक आणि रांग मोठी असते, अडीच तास आधी पोचा. औषधांची पिशवी चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. विमान सुटलं नाही तर ती रात्र पुन्हा 3,500 मीटरवरच काढायची असते.