सायटेशन मोजताय? मग या चुका टाळा

नॅकचा (कॉलेजांच्या मूल्यांकनाचा) अहवाल असो, कॅसची (प्राध्यापकांच्या बढतीची) फाईल असो की एखादा संशोधन पुरस्कार, मुदतीच्या आदल्या दिवशी प्राध्यापक ग्रंथालयात धावत येतात. "मॅडम, एच-इंडेक्स तेवढा काढून द्या, पाच मिनिटांचं काम आहे." एच-इंडेक्स म्हणजे आपल्या शोधनिबंधांचे इतरांनी किती संदर्भ (सायटेशन) घेतले, यावरून काढलेला आकडा. ते पाच मिनिटांचं काम नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतल्या फायली वर्षानुवर्षं हाताखालून जातात आणि दर वेळी ये रे माझ्या मागल्या. म्हणून हे लिहिते आहे.

नाव न तपासता प्रोफाइल वापरणं

आपल्या खान्देशात ही सगळ्यात मोठी खोट. कुठल्याही स्टाफरूममध्ये चार-पाच पाटील, दोन-तीन चौधरी, एखादे महाजन असतातच आणि निबंधावर छापून येतं नुसतं 'एस. पाटील'. गुगल स्कॉलरवर प्रोफाइल उघडताना नावाशी जुळणारे लेख गठ्ठ्याने समोर येतात. उतावळा माणूस सगळ्यांवर टिक करून मोकळा होतो. शिवाय 'लेख आपोआप जोडा' हा पर्याय चालू राहिला, की पुढेही परक्यांचे लेख येऊन चिकटत राहतात.

वनस्पतिशास्त्राच्या एका सरांचं असंच झालं. बढतीची मुलाखत होती आणि यादीत सगळ्यात वर होता सौरऊर्जेच्या इन्व्हर्टरवरचा निबंध. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी सहज विचारलं, "हे काम कुठल्या प्रयोगशाळेत केलंत?" सर तो निबंध पहिल्यांदाच पाहत होते. माणूस अत्यंत प्रामाणिक, सातपुड्यात पायपीट करून औषधी वनस्पतींवर काम केलेला. पण त्या एका प्रश्नानंतर समितीने त्यांच्या खऱ्या निबंधांकडेही संशयानेच पाहिलं. फाईल परत आली. त्यांचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

माझी पद्धत जुनाट आहे, पण फसत नाही. यादी छापायची, ज्याची त्याला समोर बसवायचं आणि एकेका निबंधावर लाल पेनाने खूण करून घ्यायची. आपोआप जोडणी लगेच बंद करायची. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा १६ अंकी क्रमांक काढायचा, तो फुकट मिळतो. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर एकदा घालायचं आणि एकदा गाळायचं, हे थांबवा. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी दोन्ही नावांचे लेख त्याच क्रमांकाला जोडावेत. स्कोपस या निबंध आणि सायटेशन नोंदवणाऱ्या डेटाबेसवर याच्या उलट भानगड होते, एकाच माणसाची दोन प्रोफाइल पडतात. ती एकत्र करण्याची विनंती आपण करावी लागते.

सगळ्या विषयांना एकाच आकड्याने तोलणं

एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. किमान ४ सायटेशन असलेले ४ निबंध असतील, पण किमान ५ असलेले ५ नसतील, तर तो ४. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा आकडे ४०, १२, ९, ५, ४, १ आहेत. चौथ्या निबंधाला किमान ४ आहेत, पाचव्याला ५ नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्याचे ४० ऐवजी ४००० झाले तरी उत्तर ४च! जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा मोठे येतात, हे खुद्द हिर्शने तेव्हाच लिहून ठेवलं होतं. तरी पुरस्कार समित्या रसायनशास्त्र आणि मराठी एकाच यादीत लावतात आणि मराठीवाल्याला तळाला टाकतात. रावेरची केळी आणि चोपड्याचा कापूस एकरी वजनावर तोलून कापूसवाल्याला कोणी आळशी म्हणतं का?

रसायनशास्त्रात संदर्भयाद्या लांबलचक, एका निबंधाला लेखक अनेक आणि दखलही लवकर घेतली जाते. गणितात यादी छोटी, दखल घेतली जायला वर्षं जातात. मराठी आणि इतिहासाचं मुख्य लेखन तर पुस्तकांत असतं. इतिहासाचार्य राजवाड्यांचंच घ्या. धुळ्यात १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड मराठी पुस्तकांच्या तळटीपांत सतत भेटतात, पण त्या पुस्तकांतल्या बहुतेक तळटीपा स्कोपसपर्यंत पोचतच नाहीत. अहिराणीवर काम करणाऱ्याचंही हेच होतं.

तुलना करायचीच असेल तर त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखनाच्या सरासरीशी करा. समजा गणितातल्या निबंधाला ६ सायटेशन आहेत आणि सरासरी ३ आहे, तर गुणोत्तर २. जैवरसायनातल्या निबंधाला २० आणि सरासरीही २०, तर १. म्हणजे ६ वाला पुढे. स्कोपसमध्ये हाच हिशोब एफडब्ल्यूसीआय नावाने मिळतो. मात्र निबंध चार-दोनच असतील तर एकाच गाजलेल्या निबंधाने तो फुगतो. मराठी-इतिहासासाठी मी आकडा देतच नाही. कोणत्या पुस्तकाने, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या कोणत्या प्रबंधाने कुठल्या पानावर संदर्भ घेतला, त्याची यादी देते. याला दिवस जातात, आणि ते द्यायलाच हवेत.

बाकीच्या, थोडक्यात

स्कॉलरचा आकडा आणि स्कोपसचा आकडा शेजारी ठेवू नका. स्कॉलर प्रबंध, अहवाल सगळंच मोजतो, त्यामुळे तो बहुधा मोठाच येतो. आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहा.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, जर्नलचा असतो, तुमच्या निबंधाचा नाही.

एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो, स्वतःहून सहसा घटत नाही. नुकत्याच लागलेल्या पोरीला निवृत्तीला आलेल्या सरांशेजारी उभं करणं अन्याय आहे.

यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०२५ मध्ये बंद झाली. 'केअर लिस्टेड' म्हणून आज पैसे मागणाऱ्या जर्नलला दारात उभं करू नका.

स्वतःच स्वतःचे घेतलेले संदर्भ वेगळे काढून, त्यांच्यासकट आणि त्यांच्याशिवाय, असे दोन्ही आकडे द्या. आणि व्हॉट्सॲपवर सायटेशन विकणारे आले तर नंबर ब्लॉक करा, ग्रुपवर इतरांनाही सांगा. नवीन लागलेली मुलं त्यांच्या गळाला आधी लागतात.